मनगटाचा पट्टा, दंडाचा पट्टा

होळीला दोन दिवस होते आणि जव्हारच्या एसटी स्टँडवर उभं राहायला जागा नव्हती. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबं सणाला परतत होती. डोक्यावर गोधड्यांची बोचकी, कडेवर पोर, एकाच्या हातात नवा कोरा टेबलफॅन. मी नाशिकहून त्र्यंबक-मोखाडामार्गे आलो होतो. पिशवीत आत्यासाठी चिवडा होता आणि एका खोक्यात २,२०० रुपयांचा फिटनेस बँड. दुकानदाराने बजावलं होतं, खोकं उघडलंत तरी चालेल, ओरखडा नको. सात दिवसांत परत घेईन.

बँड माझ्यासाठी नव्हता. आत्याच्या मागच्या खोलीत चार मुली भाड्याने राहतात. दोघी बाजारात कापडाच्या दुकानात कामाला, एक कॉलेजात, आणि एक मोखाडा तालुक्यातल्या पाड्यावरची, बारावी होऊन पोलीस भरतीची तयारी करणारी. तिने महिन्यापूर्वी फोनवर विचारलं होतं, "दादा, नाशिकला पळायचं घड्याळ केवढ्याला पडतं?" शिकवण्या घेऊन तिने दोन हजार साठवले होते. वरचे दोनशे मी तिला न सांगता घालणार होतो.

आत्याने खोकं उलटसुलट करून पाहिलं. तेहतीस वर्षं तिने नर्स म्हणून काढली, आधी मोखाड्याच्या दोन उपकेंद्रांत, मग जव्हारकडे. २०२० च्या नोव्हेंबरात निवृत्त झाली, पण काहीही हातात आलं की एक्स्पायरी बघायची सवय गेलेली नाही.

"यावर तारीख नाही."

"घड्याळाला कसली एक्स्पायरी?"

"तुझं कधी संपलं होतं?"

टोमणा बरोबर बसला. २०२१ मध्ये मी स्वतःसाठी असाच एक घेतला होता. तीन महिने रात्री जेवून गच्चीवर येरझाऱ्या घालायचो, दहा हजारांचा आकडा पुरा करायला. ९,८०० वर झोपायचं म्हणजे जिवाला घोर. चौथ्या महिन्यात त्याचा चार्जर हरवला आणि खरं सांगायचं तर मी तो फार शोधलाही नाही.

"दहाच हजार का रे?" आत्याने विचारलं. "नऊ का नाहीत?"

याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते माझ्याच बाजूवर उलटणारं होतं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. १९६५ मध्ये तिथल्या एका घड्याळ कंपनीने कमरेला लावायचं, पावलं मोजणारं यंत्र काढलं आणि त्याला नाव दिलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, कानाला भरीव वाटला आणि जगभर रुळला. संशोधन पुष्कळ नंतर आलं.

"म्हणजे दुकानदाराचा आकडा."

"सुरुवात तिथून झाली, मान्य. पण पुढचं ऐक. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली. सरासरी वय ७२. सात दिवस यंत्र लावून त्यांची पावलं मोजली आणि मग चारेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी. ७,५०० च्या पुढे मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे दहा हजारांची भीती नको, पण साडेचार हजार तरी व्हायला हवेत. हे तुझ्यासाठी सांगतोय. तुला साखर आहे."

"ज्या बायका आधीच धडधाकट, त्या जास्त चालणारच की. चालल्या म्हणून जगल्या, की बऱ्या होत्या म्हणून चालल्या?"

संशोधकांनाही हीच शंका होती आणि जमेल तेवढी गाळणी त्यांनी लावली होती. तरी ती पुरती जात नाही. मी तसं कबूल केलं.

"आणि मी संध्याकाळी हनुमान पॉइंटपर्यंत जाते की बाजारातूनच वळते, ते मला पट्ट्याने कशाला सांगायला हवं? मला माहीत असतं."

"कुठून वळतेस?"

"बाजारातून," ती म्हणाली आणि चिवड्याची पिशवी उघडली.

इथे माझा एक गुण व्हायला हवा होता. स्वतःला माहीत असणं वेगळं आणि आकडा समोर येणं वेगळं. पट्ट्याची सगळी ताकद या शरमेत आहे, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. प्रश्न एवढाच की ती शरम किती दिवस टिकते. वजन उतरवायला निघालेल्या तरुण माणसांवर अमेरिकेतच दोन वर्षांचा एक प्रयोग झाला होता, २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सगळ्यांना आहार-व्यायामाचा सल्ला सारखाच. पुढे अर्ध्यांना अंगावर घालायचं यंत्र दिलं. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं, बिनयंत्रवाल्यांचं जवळपास सहा. हे मी त्या दिवशी आत्याला सांगितलं नाही. वादात सगळेच पत्ते उघडायचे नसतात.

तिला मात्र पत्त्यांची गरजच नव्हती. "पावलं मोजतो कशी हा?"

मी समजावलं. आत एक बारीक चिप असते. हाताला झोका बसला की तिला कळतं. चालताना हात ठरावीक लयीत पुढे-मागे होतो. ती लय ओळखून यंत्र पावलं धरतं.

"म्हणजे पाय मोजतच नाही. हात मोजतो."

"एका अर्थी."

"मग आमच्या बाईचं काय करशील?" आत्या उठून उभी राहिली. डोक्यावर चुंबळ ठेवल्यासारखं केलं, एक हात वर नेऊन न दिसणारा हंडा धरला, दुसरा कमरेशी कळशीवर. आणि स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली. कमरेपासून वर पाण्याचा थेंब हलणार नाही अशी चाल. "सांग. हात हलला?"

हलला नव्हता. वैतरणेचं पाणी याच मोखाड्यातून मुंबईला जातं, अप्पर वैतरणा धरणातून आणि २०१४ पासून मध्य वैतरणातूनही. एप्रिल-मे आला की त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात आणि बायका दरीतल्या विहिरीची चढण दिवसातून चार वेळा करतात. पट्ट्याच्या लेखी त्या अर्धा वेळ उभ्याच. आवणीतही तेच: दिवसभर चिखलात कमरेत वाकून भाताची रोपं लावायची, पावलं जेमतेम. उलट २०२१ च्या पावसाळ्यात खोडाळ्याहून जीपने येताना मी मागच्या फळीवर बसून होतो आणि माझ्या मनगटावर दोन हजारांच्या आसपास पावलं चढली होती. त्या वेळी मला गंमत वाटली होती. आत्यासमोर सांगताना गंमत राहिली नाही.

"आणि जळालेल्या कॅलऱ्या?"

"त्या सोड," मी म्हणालो. "२०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात यंत्रं तपासली. सातपैकी सहांनी नाडीचे ठोके बऱ्यापैकी बरोबर दाखवले, पाच टक्क्यांच्या आत चूक. कॅलऱ्यांमध्ये मात्र सगळ्यात चांगल्याचीही चूक २७ टक्के, सगळ्यात वाईटाची ९३."

"९३ टक्के चुकणाऱ्या माणसाला आम्ही उपकेंद्रात ठेवला नसता."

"पण आत्या, यंत्र चुकतं ते रोज साधारण सारखंच चुकतं. तुझ्या उपकेंद्राचा वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवायचा, तूच सांगायचीस. तरी पोराचं वजन या महिन्यात चढलं की उतरलं, हे त्याच काट्यावर कळायचं ना?"

ती थोडा वेळ गप्प झाली. "हे पटलं," ती म्हणाली. माझा दिवसातला हा एकमेव निर्विवाद गुण.

ती आतल्या खोलीत गेली आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात तिच्या नोकरीचं सगळं शिल्लक होतं. युनिफॉर्मला टाचायचं उलटं घड्याळ, हिमोग्लोबिन बघायच्या साहलीच्या उपकरणाची काचेची नळी, आणि कागदासारख्या पातळ प्लास्टिकची एक पट्टी. लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग.

"हा आमचा पट्टा. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराच्या डाव्या दंडाला लावायचा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. घट्ट नाही, सैल नाही. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की लाल. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. पुढे हिरवा. चार्जर नाही, मोबाइल नाही, रेंज नाही."

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली आणि जव्हार-मोखाड्याचं नाव पहिल्यांदा मंत्रालयापर्यंत पोचलं, ते असं. आत्या तेव्हा मोखाड्याला नोकरीत पाचेक वर्षांची होती. त्या वर्षाबद्दल ती बोलत नाही. पट्टी मात्र जपून ठेवते, जरी ती तिच्या हातात पुष्कळ नंतर आली.

"यातला फरक सांगते. याचा लाल आला की पुढचं माझं काम ठरलेलं असायचं. पोराला, आईला गाडीत घालायचं, जव्हारला भरती करायचं, बापाची समजूत काढायची, मजुरी बुडते म्हणून आई तिसऱ्या दिवशी पळून आली तर परत न्यायचं. लालच्या मागे मी होते. तुझ्या मनगटावर लाल आला तर मागे कोण आहे?"

"डॉक्टर आहेत. घड्याळाने हृदयाची अनियमित लय पकडली आणि माणूस वेळेत दवाखान्यात गेला, असं झालंय. चार लाखांवर लोकांचा अभ्यास आहे, अमेरिकेतला."

"अमेरिकेतला," आत्या म्हणाली. "तिथे मागे कोणीतरी असेल."

"इथे माणूस स्वतः असतो ना मागे. आकडा बघून तो स्वतःच काही करेल, एवढा विश्वास ठेवायला काय हरकत आहे?"

"ठेव की. पण इकडे ट्रॅकर म्हटलं की लोकांना काय आठवतं माहितीय? अंगणवाडीताईचा पोषण ट्रॅकर."

ते मला आठवत होतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. जुने, तापणारे फोन आणि इंग्रजीतलं पोषण ट्रॅकर अॅप ही त्यांची तक्रार होती. आणि ट्रॅकरची दुसरी तऱ्हा नागपूर-पनवेलची. तिथल्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कामगार कुठे आहे, किती वेळ एका जागी थांबला, हे कार्यालयात दिसणार. दिसायला घड्याळ तेच. पण एकात मी स्वतःला बघतो, दुसऱ्यात साहेब मला बघतो. मी हे म्हणालो तेव्हा आत्याने मान डोलावली. या एका मुद्द्यावर आम्ही दोघं पहिल्यापासून एका बाजूला होतो आणि ते आम्हाला तासाभराने कळलं.

साडेसहाच्या सुमारास मुलगी मैदानावरून आली. ओढणी कमरेला बांधलेली, पायात शिवण उसवलेले कॅनव्हासचे बूट. खोकं दिसताच तिचा चेहरा उजळला आणि आत्याकडे पाहून लगेच सावध झाला. मग तिघांनी मिळून मूळ प्रश्नाला हात घातला: हिला याचा उपयोग काय?

भरतीचं गणित सोपं आणि निर्दय आहे. ग्राउंड ५० मार्कांचं, लेखी १००. मुलींना ८०० मीटरला २० मार्क, शंभरला १५, गोळ्याला १५. आठशेचे पुरते वीस हवे असतील तर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत यायचं. तिची वेळ ३ मिनिटं ४ सेकंद. चौदा सेकंद म्हणजे पुढच्यांच्या आणि तिच्यामध्ये किती मुली उभ्या राहतात, ते जिल्ह्याजिल्ह्याची मेरिट लिस्ट पाहिली की कळतं.

"या पट्ट्यात जीपीएस नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं. "या किमतीत येत नाही. अंतर तो पावलांवरून अंदाजाने काढतो. आठशे मीटर पळालीस तर कधी साडेसातशे सांगेल, कधी पावणेनऊशे."

"मग वेळ?"

"वेळ बरोबर. पण ती मोबाइलही सांगतो."

"भरतीच्या दिवशी वेळ पोलिसांचीच चिप घेणार," आत्याने भर घातली.

"कविता राऊतने कुठे घातलं होतं घड्याळ?" हेही आत्याच. हा हुकमाचा पत्ता ती कधी काढते याची मी वाटच बघत होतो. सावरपाडा हरसूलजवळ, मोखाड्याला लागूनच्या त्र्यंबक तालुक्यात. पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालणारी, अनवाणी पळणारी मुलगी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. इकडच्या प्रत्येक आश्रमशाळेत ही गोष्ट सांगतात आणि ती सांगताना अनवाणी पायावर जोर देतात.

"पुढचं नाही सांगत कोणी," मी म्हणालो. "ती नाशिकला आली, विजेंदर सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला. रोजचं पळणं मोजून-मापून झालं. घड्याळ होतंच, ते दुसऱ्याच्या हातात होतं. हिच्याकडे प्रशिक्षक नाही. मैदानावर चौघी-पाचजणी एकमेकींना बघून पळतात. पट्टा रात्रभर नाडी मोजतो. सकाळची नाडी रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त दिसली तर समजायचं, अंग थकलंय, आज जोरात पळायचं नाही. हे तिला कोण सांगणार?"

"मी सांगीन. डोळे बघून."

"तू रोज पाचला उठतेस?"

"उठावंच लागतं," आत्या मुलीकडे बघत म्हणाली. "हिचा गजर सगळ्या आळीला उठवतो."

मुलगी ओशाळली. खोलीतल्या दोघींना दुकानातून यायला रात्रीचे दहा वाजतात. पहाटे पाचला मोबाइल कोकलला की शिव्या मिळतात. उशीखाली ठेवला तर हिलाच ऐकू येत नाही. गेल्या महिन्यात म्हणे चार सकाळी चुकल्या. तो विषय तिथेच राहिला, कारण आत्याने बुटांकडे बोट दाखवलं.

"बावीसशेत बूट येतात. हिच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलीत, ती आधी मोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची आई आली. भट्टीवरून रात्रीच उतरली होती, पाड्यावर जायच्या आधी लेकीला घ्यायला. पस्तिशी-छत्तिशीची बाई, दिसायला पन्नाशीची. पायऱ्या चढून आली आणि चौकटीला धरून थोडा वेळ उभीच राहिली. चहा होईपर्यंत लेकीने हौसेने पट्टा आईच्या डाव्या मनगटावर बांधला.

खालचे हिरवे दिवे लुकलुकले. आकडा येईना. मी पट्टा आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. पडद्यावर नुसत्या रेघा. मग मी तिचा हात उजेडात धरला आणि पाहिलं: मनगटापासून कोपराकडे ठिपक्यांची, फांद्यांची दाट हिरवी-काळी नक्षी. लग्नाआधी तिच्या आईने बसवून घेतलेलं गोंदण.

हिरवा उजेड कातडीत शिरतो. रक्त तो पितं. ठोका पडला की तिथे रक्त वाढतं, परत येणारा उजेड कमी होतो. त्या कमी-जास्तीवरून नाडी. पण गोंदणाची शाईही उजेड पिते, आणि मग ठोका त्यात बुडून जातो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या टॅटूवाल्यांनी ही तक्रार केली तेव्हा त्याची जगभर बातमी झाली होती. दंडापर्यंत गोंदलेल्या आमच्या बायांनी कधी तक्रार केली नाही. त्यांच्या मनगटावर कोणी पट्टा बांधलाच नव्हता.

उजव्या हातावरही नक्षी होतीच. शेवटी कोपराच्या जरा खाली मोकळी कातडी सापडली. तिथे पट्टा लेकीने धरून ठेवला. नाडी १०८. ऑक्सिजन ९८.

"ऑक्सिजन मस्त आहे," मी म्हणालो.

आत्याने चहाचं पातेलं खाली उतरवलं, डब्यातलं उलटं घड्याळ घेतलं आणि त्या बाईच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. गोंदणावरच. मिनिटभर कोणी बोललं नाही. "११०," ती म्हणाली. मग अंगठ्याने बाईची खालची पापणी ओढली. आतली बाजू कागदासारखी पांढरी.

"विटा उचलताना धडधडतं?"

बाईने मान हलवली. धडधडतं, डोळ्यापुढे अंधारी येते, मुकादम म्हणतो चालायचंच.

"हा तुझा ९८," आत्या माझ्याकडे वळली. आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता, तिचा ड्यूटीवरचा आवाज होता तो. "सप्टेंबर २०२० ला कोरोनातल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर ऑक्सिमीटर लावत फिरलो ना, तेव्हाही असंच. अंगात रक्त नसलेल्या बायांचा ऑक्सिजन ९८. लोक म्हणायचे, सिस्टर, आम्ही फिट. मोखाड्याहून सुटलेल्या जीपमध्ये सगळ्या सीट भरल्यात, एवढंच ते यंत्र सांगतं. जीपा किती सुटल्या ते नाही सांगत."

हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती लादलाय ते मशीन दाखवतं; हिमोग्लोबिन मुळात आहे किती, ते त्याला दिसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका अॅनिमियाच्या निघाल्या. त्यातल्या बहुतेकींना कोणताही पट्टा हिरवाच दाखवेल. (होळीनंतर जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात तिचं रक्त तपासलं, ६.८ निघालं. बाईला बारा तरी हवं. सिकलसेलची तपासणीही आत्याने मागे लागून करवून घेतली.)

पण मी गप्प बसलो असतो तर भाचा कसला. "१०८ तर बरोबर दाखवला की त्याने. बसल्या जागी १०८ ही खूणच होती. मला वाचता आली नाही."

"हो," आत्या म्हणाली. "ती बरोबर होती." आणि थोड्या वेळाने, चहा गाळता गाळता: "वाचणारं माणूस हवं. मग पट्टाही चालेल. दंडाचा चालतोच ना."

तोवर लेकीने पट्टा स्वतःच्या मनगटावर चढवला होता आणि पडद्यावर बोट फिरवत होती. पावलं, झोप, हवामान, कसलीशी फुलं. एका ठिकाणी ती थांबली. पट्टा एकदम थरथरला, आवाज न करता, माशी अडकल्यासारखा. ती दचकली आणि मग हसली.

"दादा, हे काय?"

"गजर. आवाज नाही होत, नुसता हातावर कंप होतो."

तिने पुन्हा लावून पाहिला. पुन्हा थरथरला. तिने हात उशीवर ठेवल्यासारखा गालाखाली घेतला, डोळे मिटले, एक मिनिटाचा गजर लावला आणि वाट बघत राहिली. आई, आत्या आणि मी तिघंही तिच्याकडे बघत बसलो. पट्टा हलला तशी ती ताडकन उठली.

"बाजूवालीला कळलं पण नसतं."

आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. इतका वेळ आम्ही दोघांनी पावलं, कॅलऱ्या, ऑक्सिजन, जपान आणि अमेरिका उपसली होती. गजराचं नाव माझ्या यादीत नव्हतं, तिच्याही नव्हतं.

"फक्त एवढंच करणारा येतो का?" मुलीने विचारलं. "बावीसशेचा नको. बूट पण घ्यायचेत."

मी मोबाइलवर दुकानदाराला फोन लावला. आठशे-नऊशेपासून आहेत म्हणाला, पण साहेब, त्यांचं पावलांचं काही खरं नसतं हां, आत्ताच सांगून ठेवतो. स्पीकर चालू होता.

"पावलांचं राहू दे," मुलगी माझ्या खांद्यावरून फोनमध्ये म्हणाली, "पाचला हलतो ना?"